पूर्ण मापाचा पेला

आजाऱ्याला द्यायच्या पौष्टिक पुडीचा डबा कुठला घ्यावा, हे मला विचारू नका. आमच्या सोसायटीत कुणाच्या घरी कॅन्सर निघाला की चार दिवसांत माझा फोन वाजतो. मी त्यातून उठलेली बाई, म्हणजे मला सगळंच ठाऊक असणार, असा लोकांचा समज. मग प्रश्न सुरू होतात. व्हॅनिला बरा की चॉकलेट, दुधात द्यावं की पाण्यात, देशी चालेल की बाहेरचंच हवं. मी सांगते, ते तुमच्या डॉक्टरांना आणि डाएटिशियनला विचारा, कारण प्रत्येकाचं पोट निराळं आणि आजारही निराळा. माझा मात्र उलट एक प्रश्न असतो: घरात तो पेला कालवणार कोण? फोनवरचं माणूस गोंधळतं. त्याला वाटतं, बाईंना विषय कळलेला नाही.

विषय मला चांगला कळलेला आहे. याच एका गोष्टीपायी माझे उपचार अर्ध्यावर थांबायची वेळ आली होती. तोंडी सांगून सांगून दमले, म्हणून आता लिहून ठेवते.

घास

तेव्हा गुडगावला कुणी गुरुग्राम म्हणत नव्हतं. परदेशी कंपन्या नव्यानं येत होत्या, आणि त्यातल्याच एका गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीनं माझ्या नवऱ्याला, शिरीषला, पुण्याहून उचलून इथे आणलं. आमच्या घराच्या एका खिडकीतून काचेचे मनोरे उठताना दिसायचे आणि दुसरीतून मोहरीची शेतं. पाणी टँकरचं, वीज जनरेटरची, आणि रुबाब तेवढा आमचा स्वतःचा. मीही एका कंपनीत नोकरीला लागले. मुलगी मुक्ता अकरावीत होती आणि मराठी बोलता बोलता निम्म्यावर हिंदीत शिरायची.

मी मूळची खाणारी बाई. लग्नाच्या पंगतीत शेवटच्या ताटापर्यंत बसणारी. त्यामुळे पोळीचा घास छातीत अडकायला लागला तेव्हा मी तो हावरटपणाच्या खात्यावर टाकला. वर पाणी प्यायचं, घास खाली ढकलायचा आणि पुढचा घ्यायचा. मग पोळी सुटली, भात राहिला. भात अडकायला लागला तशी मी त्यावर ताक ओतायला लागले. शिरीष म्हणायचा, सावकाश जेव, कोण तुझ्या मागे लागलंय? मागे काय लागलंय ते दुर्बिणीच्या तपासणीत कळलं. अन्ननलिकेचा कॅन्सर.

डॉक्टर वयस्क पंजाबी गृहस्थ होते. ते सगळं शिरीषकडे बघून सांगत होते, जणू आजार त्याला झालाय. मी म्हटलं, "डॉक्टरसाब, मुझसे बात कीजिए." ते थांबले, खुर्ची माझ्याकडे वळवली आणि म्हणाले, "इलाज है. लंबा है, मगर है." आधी किरणं आणि केमो, मग शस्त्रक्रिया. बाकी सगळं मी विसरले, ते 'मगर है' तेवढं घट्ट धरून ठेवलं.

परतताना हायवेवर शिरीषनं गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडला. इतक्या वर्षांत मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. मला रडू आलं नाही. माझ्या डोक्यात घरी भिजत घातलेली मटकी होती. तिला मोड आले असणार, आज उसळ केली नाही तर वास मारेल. घरी येऊन मी उसळ केली, खोबरंसुद्धा घातलं. ती कुणीही खाल्ली नाही. भीती मला दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना वाटली, आणि मग ती मुक्कामालाच आली.

आई

सासूबाईंना मी आईच म्हणते. त्या सांगलीहून आल्या त्या मेतकूट, आमसुलं, भाजणी आणि जुन्या सुती लुगड्यांच्या घड्या घेऊन. लुगडी कशाला, तर माझ्या अंगाला मऊ लागावीत म्हणून. सासरे गेल्यापासून त्या एकट्या राहायच्या आणि कुणाकडे फार टिकायच्या नाहीत. आमच्याकडे याआधी एकदाच आल्या होत्या. तेव्हा कुतुबमिनार नको, लाल किल्ला नको, मला काला अंब दाखवा म्हणाल्या होत्या. पानिपतच्या त्या स्मारकापाशी त्या कितीतरी वेळ हात जोडून उभ्या राहिल्या. परत येताना गाडीत म्हणाल्या होत्या, "तलवारीनं नाही रे हरले. रसद तुटली. उपाशी पोटी लढले बिचारे." आणि मग आमच्याकडे बघून, पुण्याहून उत्तरेला येऊन कुणाचं भलं झाल्याचं त्यांच्या ऐकिवात नाही, असंही सांगितलं होतं.

शिरीष ऑफिसला, मुक्ता शाळा आणि क्लासला. दिवसभर घरात मी आणि आई. स्वयंपाकघर त्यांनी ताब्यात घेतलं आणि मला पथ्यावर ठेवलं. आजाऱ्याला हलकं द्यायचं, पातळ द्यायचं, थोडं थोडं द्यायचं. भाताची पेज, मुगाचं कढण, साळीच्या लाह्यांचं पाणी. लंघनासारखं औषध नाही, हे त्यांचं ठाम मत. शिरीषला लहानपणी टायफॉइड झाला होता तेव्हा त्यांनी त्याला पेजेवर काढला होता, आणि तो बघा कसा उभा आहे, हा त्यावरचा पुरावा. मला ते पटायचं. खरं सांगायचं तर पटवून घ्यायला बरं वाटायचं, कारण पेज विनातक्रार खाली उतरायची.

सोमवार

किरणांसाठी रोज दिल्लीला जायचं. कंपनीनं दिलेल्या गाडीतून, ट्रकच्या रांगांमधून. इस्पितळाच्या तळघरात लांब बाकडी होती आणि तिथे रोज तीच माणसं त्याच जागी बसायची. माझ्या शेजारी रोहतकची एक बाई असायची, तिच्या नवऱ्याचा घसा. ती सगळ्यांना एकच विचारायची, "आज के खाया?" नमस्कार नाही, तब्येत नाही, थेट खाणं. मी म्हणायची, चावल. ती माझ्या मनगटाकडे बघायची.

छातीवर जांभळ्या शाईच्या खुणा केलेल्या असायच्या. त्या पुसायच्या नाहीत, म्हणून अंघोळही जपून. यंत्राखाली एकटीनं निजायचं, हलायचं नाही. तिथला तंत्रज्ञ बाहेर जाण्याआधी माझ्या पायांवर न सांगता शाल टाकायचा. खोली थंड असायची. त्या शालीचे उपकार मी विसरलेले नाही. अशा वेळी कोण काय करतं ते कायमचं लक्षात राहतं.

दर सोमवारी वजन. आणि दर सोमवारी काटा खाली. एका सोमवारी डॉक्टरांनी आम्हा दोघांना बसवून घेतलं. वजन असंच पडत राहिलं तर शरीर हे सोसणार नाही, किरणं मध्येच थांबवावी लागतील, आणि असा खंड पडणं या आजारात चांगलं नाही. तोंडानं जात नसेल तर नाकातून नळी घालून पोटात अन्न सोडावं लागेल. नळीची मला तितकी भीती वाटली नाही. थांबण्याची वाटली. मी रोज त्या यंत्राखाली निजत होते ती याच हिशोबावर, की एक दिवस हे संपणार आहे. मध्येच सोडलं तर सगळं सोसलेलं पाण्यात.

त्यांनी आम्हाला डाएटिशियनकडे पाठवलं. तरुण मल्याळी मुलगी, बोलण्यात अजिबात पाल्हाळ नाही. मी काय काय खाते ते तिनं ऐकून घेतलं आणि पेज, कढण, लाह्यांचं पाणी हे ऐकून म्हणाली, "मतलब आप पानी पी रही हैं." मग तिनं एका पुडीच्या डब्याचं नाव लिहून दिलं. त्यात सगळं बसवलेलं असतं, प्रथिनं, चरबी, जे काही अंगाला हवं ते. एका पेल्याला सहा सपाट चमचे, डब्यातल्याच मापानं, कोमट पाण्यात, दिवसातून चार वेळा, घोट घोट करत. पेजेच्या जागी नव्हे, तिच्या जोडीला. तो डबा तेव्हा गुडगावात मिळायचा नाही. इस्पितळासमोरच्या औषधाच्या दुकानातून शिरीषनं तो आणला आणि घरी औषधांच्या फळीवर, गोळ्यांच्या शेजारी ठेवला. आईंना प्रमाण समजावलं आणि ऑफिसला पळाला.

हे सगळं इतकं तपशिलात सांगते आहे, कारण चूक इथेच झाली आणि ती आमच्यापैकी कुणालाही दिसली नाही.

पहिले पेले

त्याची चव सांगू? आईस्क्रीम वितळून त्यात खडू कालवला तर कसं लागेल, तसं. केमोमुळे सगळ्याच वासांशी माझं भांडण झालं होतं. फोडणीचा वास आला की मी बेडरूमचं दार लावून घ्यायची, आणि बाहेर तिघं ताटं वाजणार नाहीत अशी जपून जेवायची. टेबलाशी बसणं मी सोडलंच होतं. त्यात हा गोडगोड दाट पेला. पहिले दोन दिवस मी अर्धा प्यायले आणि अर्धा उलटून पडला. आई पाठ चोळत उभ्या असायच्या.

पाठोपाठ तोंड आलं. साधंसुधं नाही, जिभेपासून टाळ्यापर्यंत सालपटं निघाली. थुंकी गिळतानासुद्धा डोळ्यांतून पाणी यायचं. डॉक्टर म्हणाले, उपचारात हे होतं, आणि गुळण्या करायचं औषध दिलं.

आणि मग एक चांगली गोष्ट घडली. पेला जायला लागला. दाट वाटेना, गोडही कमी वाटायला लागला. मी चारच्या चार पेले संपवायला लागले. मला कोण आनंद झाला. मी शिरीषला बढाई मारली, बाकड्यावरच्या रोहतकवालीला सांगितलं. जिभेला सवय होते हो, मन घट्ट करायला हवं, असा उपदेशही एका नवीन आलेल्या बाईंना करून टाकला.

सोमवारी काटा आणखी खाली.

डॉक्टरांनी नुसता आकडा लिहून घेतला, शिरीष मात्र गाडीत बोलला. त्यानं सरळ विचारलं, "नीला, खरं सांग. तू ते बेसिनमध्ये ओततेस का?" घशात आग घेऊन मी घोट घोट उतरवत होते आणि हा माणूस मला चोर ठरवत होता. मी म्हटलं, उद्यापासून तू रजा काढ आणि समोर बसून पाज. त्यावर तो म्हणाला, मग कुठे जातं ते? त्याचाही दोष नव्हता, घाबरलेला माणूस हिशोब लावत बसतो. पण आम्ही घरी पोहोचेपर्यंत एकमेकांशी बोललो नाही आणि दुसऱ्या दिवशीही जेमतेम बोललो. आजाराच्या त्या सगळ्या काळातला तो माझा सर्वांत एकटा दिवस.

डाएटिशियननं मात्र मला चोर ठरवलं नाही. तिनं विचारलं, घर में बनाता कौन है? सासूबाई, असं सांगितल्यावर म्हणाली, उन्हें ले आइए, डबा भी.

कालवणं

आई नऊवारी नेसून, केसांना तेल लावून, डबा पिशवीत घेऊन आल्या. त्यांना वाटलं, आपलं कौतुक होणार आहे. डाएटिशियननं मोठा पेला, कोमट पाणी, चमचा, सगळं टेबलावर मांडलं आणि म्हणाली, "माताजी, जैसे घर पे बनाते हैं, वैसे बनाइए."

आईंनी पदर खोचला. पेला काठापर्यंत पाण्यानं भरला. त्यात तीन चमचे पूड घातली, तेही सपाट भरून नाही, काठाखालीच. ढवळलं. मग पिशवीतून एक छोटी डबी काढली आणि भिजवलेला सब्जा दोन चमचे वर सोडला. तो पेला त्यांनी माझ्यापुढे धरला. ताकासारखा पातळ, पांढरट, वर सब्जाचे काळे दाणे तरंगत असलेला. हाच तो पेला, ज्याची मला सवय झाली होती.

डाएटिशियननं मला विचारलं, सहा की जगह तीन क्यों? मी आईंना मराठीत विचारलं. त्यांनी अगदी शांतपणे, आपण शहाणपणाची गोष्ट सांगतो आहोत अशा सुरात सांगितलं. इंग्रजी औषधं उष्ण पडतात. हे घ्यायला लागली आणि दोन दिवसांत पोरीचं तोंड आलं. उष्णता कमी करायची तर मात्रा निम्मी करायला हवी, पाणी वाढवायला हवं आणि थंडाव्याला सब्जा. डॉक्टर लोक पुरुषांच्या मापानं मात्रा लिहितात, हिचा जीव केवढा. रक्तदाबाची गोळीसुद्धा त्या स्वतः निम्मी करूनच घेतात, आणि काही बिघडलेलं नाही.

मी हे वाक्य वाक्य करत हिंदीत सांगितलं. यातलं एकही वाक्य मला नवीन नव्हतं. माझी आजी, माझी आई, सांगलीच्या आळीतल्या सगळ्या बायका असंच बोलतात. तोंड आलं म्हणजे उष्णता, हे मलाही पाठ होतं. कुणी मला विचारलं असतं तर मीही कदाचित सब्जाच भिजवला असता.

डाएटिशियन रागावली नाही. म्हणाली, मुँह के छाले इस डिब्बे से नहीं, इलाज से आए हैं. ये दवा नहीं है माताजी, खाना है. आईंनी मान हलवली, पण त्यांना कळलं ते एवढंच की आपल्या हातून काहीतरी भलतंच झालंय. बाहेर डॉक्टरांनी शिरीषला सांगितलं: येत्या सोमवारपर्यंत बघतो. काटा आणखी खाली गेला तर किरणं थांबवून नळी घालायची.

शिरीष पार्किंगमध्ये फुटला. एरवी आईला उलट न बोलणारा मुलगा. "आई, तू तिला उपाशी ठेवलंस. माझ्या बायकोला तू उपाशी मारत होतीस." आजूबाजूची माणसं वळून बघत होती. आई गाडीला टेकून उभ्या राहिल्या. त्यांनी डोळ्याला पदर लावला नाही. घरी आल्यावर स्वयंपाकघरात गेल्या नाहीत. बाहेरच्या खोलीत बसून पिशवी भरायला लागल्या. लुगडी माझ्यासाठी ठेवली, बाकीचं भरलं.

रसद

मला राग आला होता का? आला होता. मी खोलीत पडून होते आणि मनात म्हणत होते, जाऊ देत. पण दुसऱ्या दिवसाचा विचार केला. शिरीषची रजा संपलेली, मुक्ताची परीक्षा. सकाळी, दुपारी, संध्याकाळी मला उठून बसवणारं, पेला हातात देणारं, उलटी काढणारं माणूस तेच होतं जे बाहेर पिशवी भरत होतं. आणि मला ते हवं होतं, नुसत्या कामासाठी नव्हे. कुणाच्या हाताचं खाताना मला लाज वाटत नव्हती तर ती फक्त त्यांच्या.

मी भिंत धरून बाहेर गेले आणि त्यांच्यासमोर खुर्चीत बसले. औषध नाही, अन्न आहे, हे डाएटिशियननं सांगून झालं होतं, पण औषधांच्या दुकानातून आलेलं, गोळ्यांशेजारी ठेवलेलं, मापाच्या चमच्यानं घ्यायचं ते अन्न कसं, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर तसाच होता. मग मला काला अंब आठवला.

"आई, तुम्हीच म्हणाला होतात ना, पानिपतावर माणसं तलवारीनं हरली नाहीत म्हणून?"

त्यांनी हातातली घडी खाली ठेवली.

"ही माझी रसद आहे. औषध तिकडे, इस्पितळात. हे नुसतं जेवण. मला गिळता येत नाही म्हणून दळून डब्यात भरलेलं जेवण. ते निम्मं झालं तर मी उपाशी पोटी लढणार."

त्या माझ्या पायांकडे बघत बसल्या. पिशवी रिकामी केली नाही, पण पुढे भरलीही नाही. मी परत जाऊन पडले.

सकाळी उठले तेव्हा औषधांच्या फळीवर डबा नव्हता. स्वयंपाकघरात गेले. डबा तांदूळ आणि तूरडाळीच्या डब्यांच्या मध्ये, पुसून स्वच्छ करून ठेवलेला. आई अंघोळ करून देवापुढे बसल्या होत्या. भांडी ठेवायच्या कपाटाचा एक खण रिकामा करून तिथे त्यांनी आल्यापासून देव मांडले होते. त्यांच्यापुढे पाण्यानं चौकोन काढलेला आणि त्या चौकोनावर माझा पेला. दाट, पिवळसर, वर सब्जा नाही, पण तुळशीचं पान. आईंनी पेल्याभोवती पाणी फिरवलं, डोळे मिटले, ओठ हलले. मग तुळस काढून बाजूला ठेवली आणि पेला माझ्या हातात दिला.

"पुरे सहा आहेत," त्या म्हणाल्या. "नैवेद्याला कुणी पाणी घालत नाही."

मी स्वतः देवाच्या वाट्याला फारशी जात नाही. वर्षातून एकदा गणपतीत टाळ्या वाजवते, तेवढंच. पण त्या सकाळी मला कळलं की काय घडलंय. औषधाचा नैवेद्य दाखवत नाहीत. आईंनी तो डबा देवाच्या साक्षीनं अन्नात आणला होता. आता त्यात खोट करणं त्यांच्या हातून होणं शक्य नव्हतं.

पेला पुन्हा भयंकर लागला. मी तासभर तो घोट घोट करत बसले आणि आई समोर बसल्या. दिवसातून चारही वेळा तसंच. चौकोन, तुळस, पाणी, पेला. एकदा उलटी झाली तेव्हा त्यांनी न बोलता फरशी पुसली आणि नवा कालवून पुन्हा देवापुढे ठेवला. मुक्तानं विचारलं, आजी, भगवानजी को भी व्हॅनिला पसंद है क्या? आई म्हणाल्या, त्यांना विचारून बघ, माझ्याशी ते बोलत नाहीत हल्ली. आठवडाभरात घरात तेवढंच एकदा कुणीतरी हसलं.

शिरीषशी मात्र त्या कामापुरतंच बोलत होत्या. तोही त्यांच्या डोळ्याला डोळा देत नव्हता.

काटा

सोमवारी मी काट्यावर उभी राहिले आणि खाली बघितलंच नाही. समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. नर्स म्हणाली, "सेम है." मी तिला पुन्हा विचारलं. सेम है मॅडम, उतरिए.

डॉक्टरांनी कागद बघितला, चष्मा काढला. "बस, इतना ही चाहिए था. चलिए, आगे बढ़ते हैं." शिरीषनं माझा हात धरला तो गाडीत बसेपर्यंत सोडला नाही. तळघरात रोहतकवालीनं विचारलं, आज के खाया? मी म्हटलं, पूरा गिलास. तिनं माझ्या पाठीवर असा काही हात मारला की मला ठसका लागला.

घरी दार आईंनी उघडलं. मी म्हटलं, "आई, काटा हलला नाही. चालू राहणार." त्या मागे वळल्या आणि देवापुढे जाऊन हात जोडले. हात वर गेले तशा त्यांच्या सोन्याच्या दोन बांगड्या मनगटावरून घसरून कोपराकडे गेल्या. साबण लावल्याशिवाय न निघणाऱ्या बांगड्या होत्या त्या. मग चेहरा बघितला. गाल आत गेले होते. आठवडाभर समोर बसलेलं माणूस आणि मी फक्त माझ्या पेल्याकडे बघत होते.

मुक्ता मागून हळूच म्हणाली, "आई, आजी ना, रात को खातीच नाही. दुपारी पण अर्धी पोळी. एकभुक्त का काय असतं म्हणाली. बाबांना सांगू नको म्हणाली."

मी आईंना विचारलं, हे काय चाललंय? त्या आधी टाळत होत्या. या वयात फार लागत नाही म्हणाल्या, सोमवारच धरलेत म्हणाल्या. मी तिथून हलले नाही. तेव्हा खाली बघत म्हणाल्या, "तुझ्या तोंडचं निम्मं मी काढून घेतलं. मग माझं निम्मं मला कशाला?"

दारात शिरीष उभा होता. त्यानं ऐकलं. तो तसाच भिंतीला टेकून खाली बसला.

माझ्या पायांत उभं राहण्याचं बळ नव्हतं, तरी मी स्वयंपाकघरात गेले. पाणी कोमट केलं. आजारपणात पहिल्यांदा मी स्वतः पेला कालवला. सहा चमचे, सुरीच्या पाठीनं सपाट केलेले. गुठळी राहू दिली नाही. देवापुढे बसले, चौकोन काढला, तो वाकडा आला. तुळस ठेवली, पाणी फिरवलं. मंत्र काही येत नव्हता, नुसतंच मनात म्हटलं, माझी सासू जेवू दे.

मग पेला आईंच्या पुढे धरला. "आई, नैवेद्य आहे. नाही म्हणायचं नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. प्रसाद त्यांनी जन्मात कधी नाकारला नव्हता. उजव्या हातात पेला घेतला, खाली डावा तळहात धरला आणि एक घोट घेतला. मग दुसरा. आणि त्या थांबल्या. कालवताना त्यांनी तो कधी चाखला नव्हता. आधी औषध म्हणून आणि मग नैवेद्य म्हणून. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. प्रसाद टाकता येत नाही, म्हणून त्यांनी तो सगळा संपवला, डोळे मिटून, एकेक घोट गिळत, मी गिळायचे तसा.

पेला खाली ठेवून त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

"नीला, हे असं लागतं?"

"हो, आई."

"आणि तू हे रोज चार वेळा..." त्यांनी मला जवळ ओढलं आणि माझं डोकं आपल्या खांद्यावर घट्ट धरून ठेवलं. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, हे पहिल्यांदाच. आम्ही दोघी तिथेच देवांपुढे फरशीवर बसून मोकळेपणानं रडलो. शिरीष जवळ येऊन बसला आणि आईचा पाय धरून म्हणाला, चुकलं गं माझं. त्या त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या.

संध्याकाळी शिरीषनं कुकर लावला. वरण-भात, वर तूप. वास कोंडू नये म्हणून खिडक्या उघड्या ठेवल्या. मी बेडरूमचं दार लावून घेतलं नाही. आई दोन वेळा भात मागून जेवल्या, आणि मी टेबलाशी त्यांच्या समोर बसून माझा पेला संपवला.